दुधातला विषाणू, मुंबईचे उंदीर आणि शेजारी येऊन बसलेलं संकट
(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच एक नाजूक प्रश्न ठेवतो. आईच्या दुधातून लेकीला स्तनाचा कर्करोग जाऊ शकतो का? दचकू नका. उत्तर घाबरण्यासारखं नाही, एवढं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर निम्मं सभागृह पुढचं काही ऐकणारच नाही. पण हा प्रश्न मी बसल्या बसल्या काढलेला नाही. १९७१ साली ‘नेचर’ या नामांकित विज्ञान नियतकालिकात एक लेख आला. बायकांच्या दुधात विषाणूसारखे दिसणारे कण सापडतात का, असा त्याचा विषय. लेखकांच्या यादीत अमेरिकेतल्या डॅन मूर यांच्या गटाबरोबर मुंबईची नावं होती. टाटा रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. पेमास्टर होते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर हयात घालवलेल्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या. आणि तपासलेलं दूध होतं काही अमेरिकन बायकांचं आणि मुंबईतल्या पारशी बायकांचं.

आता हे सगळं मुंबईत कसं येऊन पोचलं, हे समजायला थोडं मागं जावं लागेल, आणि माणसं सोडून उंदरांकडे जावं लागेल.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे वाण पाळलेले असत. भाऊ-बहिणींचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करत गेलं की वाण शुद्ध होतो, सगळे उंदीर जवळजवळ एकसारखे निपजतात. त्यातल्या काही वाणांत माद्यांना स्तनाच्या गाठी हटकून व्हायच्या, काहींत क्वचितच. साहजिकच सगळे म्हणाले, हे रक्तातच आहे. पण संकर करून पाहिला तर बापाकडून हा दोष फारसा यायचा नाही, आईकडूनच यायचा. मग जॉन बिटनर यांनी अगदी साधा प्रयोग केला. गाठी होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मल्याबरोबर उचलली आणि गाठी न होणाऱ्या वाणाच्या माद्यांना पाजायला दिली. पुढं त्या पिल्लांत गाठींचं प्रमाण एकदम घसरलं. १९३६ साली त्यांनी हे छापलं. म्हणजे दोष आईच्या रक्तात नव्हता, तो दुधातून येत होता. गंमत अशी की बिटनर विषाणू हा शब्द टाळत राहिले. ‘दुधातला प्रभाव’, ‘दुधातला घटक’ असं ते म्हणायचे. कर्करोग आणि विषाणू यांचं नाव एका दमात घेतलं की त्या काळी विद्वान मंडळी भुवया उंचावत.

इकडे मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया त्यांनी घातला असं मानतात. त्यांच्या हाताखाली एक पुण्याची मुलगी आली. माहेरच्या कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. हुजूरपागेत शिकलेल्या, वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. बाईंनी एम.एस्सी. केली ती कशावर, तर सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर, पुण्याच्या शेतकी कॉलेजात. तिथून उंदरांच्या गाठींकडे उडी. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, मग खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला धाडलं, बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. पेशी शरीराबाहेर काचेच्या नळीत जगवायच्या कशा, हे शिकायला. हे गाय यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं आणि परत आलेल्या रणदिवे बाईंनी तिथं पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदीर होतेच. सेंटरच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ नाव पडलेला स्तनाच्या गाठींचा एक वाण तिथंच तयार झाला. बाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की एकट्या विषाणूनं गाठ होत नाही, एकट्या आनुवंशिकतेनं होत नाही आणि एकट्या संप्रेरकांनंही होत नाही. तिन्ही एकत्र आले की होते. आता हे ऐकायला सरधोपट वाटतं. पण ज्या काळात एक गट विषाणूच्या मागं, दुसरा संप्रेरकांच्या मागं आणि तिसरा वंशावळींच्या मागं हात धुऊन लागला होता, त्या काळात हे तिन्ही धागे एका हातात धरून ठेवणं सोपं नव्हतं. फक्त या तिघांची गाठ पेशीत नेमकी कुठं पडते, हे दाखवायला त्यांच्याकडे हत्यार नव्हतं. ते कुणाकडेच नव्हतं.

आता १९७१ च्या त्या दुधाकडे येऊ. पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, हे मुंबईच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. समाज लहान, लग्नं आपापसात. उंदरांच्या शुद्ध वाणाशी तुलना करायचा मोह कुणाला होणार नाही? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दूध पाहिलं आणि खरंच, उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण काही नमुन्यांत दिसले, पारशी बायकांच्या नमुन्यांत जास्त दिसले. मग चर्चा सुरू झाली. घरात कर्करोगाचा इतिहास असलेल्या बाईनं मुलीला पाजावं का, असंही विचारलं गेलं. पुढं मात्र हा धागा तुटला. दुधात पेशींच्या पापुद्र्यांचे तुकडे असतात, ते विषाणूसारखे दिसू शकतात. माणसांत असा विषाणू स्तनाचा कर्करोग करतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. पारशी बायकांतलं प्रमाण समजून घ्यायचं तर उशिरा लग्न, उशिरा पहिलं मूल, कमी मुलं या गोष्टी जास्त उपयोगी पडतात. मला स्वतःला या लेखात काही लाजिरवाणं वाटत नाही. प्रश्न रास्त होता आणि त्यांनी तो तपासून पाहिला. चूक झाली असेल तर ती उंदराच्या पिंजऱ्यावरून एका समाजाचं चित्र काढायच्या घाईत.

बरं, उंदरांत तर दुधातून विषाणू जातो हे पक्कं होतं. मग तो आत जाऊन करतो काय?

इथं कोंबड्या येतात. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी एका कोंबडीच्या गाठीचा रस बारीक गाळणीतून गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिला गाठ झाली. बहुतेकांनी कानाडोळा केला. १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. पंचावन्न वर्षं! नंतर कळलं की राउसच्या विषाणूनं कोंबडीचंच एक जनुक कधीकाळी पळवलं आहे, त्याचं नाव सार्क. बिशप आणि व्हार्मस यांच्या गटानं १९७६ मध्ये दाखवलं की सार्क मुळात निरोगी कोंबडीच्या पेशीतलं आहे. चोराच्या घरी आपलंच भांडं सापडावं तसं. असा विषाणू चोरीचं जनुक घेऊन शिरतो, म्हणून गाठही झटपट होते.

पण कोंबड्यांचा दुसरा एक विषाणू होता, एव्हियन ल्युकोसिसचा. त्याच्याकडे असलं काहीही नाही. स्वतःचं कवच बनवायची आणि स्वतःची नक्कल करायची जनुकं, बस्स. उंदरांच्या दुधातला विषाणूही तसाच. आणि तरी हे दोघं कर्करोग करतात, फक्त वेळ लावतात. कित्येक महिने. हातात शस्त्र नसलेला माणूस खून कसा करतो, असा हा प्रश्न होता.

एक गोष्ट माहीत झालेली होती. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढलं होतं की हे विषाणू आपला आरएनए उलटा वाचून त्याचा डीएनए करतात. तो डीएनए मग पेशीच्या डीएनएत घुसतो आणि कायमचा राहतो. परत निघत नाही. पेशी दुभंगली की दोन्ही पेशींत जातो.

इथं मला तुमच्या गावचीच मदत घ्यावी लागणार आहे. दासोपंतांची पासोडी. लांबलचक कापड, आणि त्यावर पंचीकरण लिहिलेलं. तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता कल्पना करा, कुणीतरी या पासोडीवर एक बोटभर चिंधी शिवली. दासोपंतांचं एक अक्षरही खोडलं नाही. पण चिंधीच्या दोन्ही काठांवर लिहिलंय, ‘इथून पुढचं मोठ्यानं वाचा, वाचतच राहा’. बहुतेक ठिकाणी या चिंधीनं काही बिघडणार नाही. शेजारी कोरं कापड असेल, किंवा तशीही रोज वाचली जाणारी ओवी असेल. पण ती नेमकी अशा ओवीशेजारी शिवली गेली, जी वर्षातून एकदाच, हळू आवाजात वाचायची आहे, तर? ओवी शुद्ध आहे. शब्द बरोबर आहेत. फक्त ती दिवसरात्र वाचली जातेय.

विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना असे काठ असतात. त्यांना एलटीआर म्हणतात. त्याला स्वतःची जनुकं जोरात चालवून घ्यायची असतात, म्हणून ते असतात. शेजारच्या जनुकाचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विषाणूला कर्करोग ‘करायचा’ असतो, असं आपण सहज बोलून जातो. त्याला काही करायचं नसतं. तो आपल्यापुरता गोंगाट करतो, शेजाऱ्याची झोप उडते.

१९८१ मध्ये विल्यम हेवर्ड, बेंजामिन नील आणि सुझन अ‍ॅस्ट्रिन यांनी हे कोंबड्यांत पकडलं. गाठींमधल्या पेशींत त्यांना अर्धे विषाणूचे आणि अर्धे कोंबडीचे असे जोडसंदेश मिळाले. सुरुवात विषाणूच्या काठापासून, पुढचा मजकूर कोंबडीचा. तो मजकूर कोणता म्हणून पाहिलं तर निघालं मिक नावाचं जनुक. पेशीनं वाढायचं की थांबायचं, यात त्याचा शब्द चालतो. बहुतेक गाठींत विषाणू मिकच्याच शेजारी बसलेला होता आणि मिकचं काम नेहमीच्या ३० ते १०० पट चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, विषाणू कुठंही बसतो म्हणालात, मग सगळ्या गाठींत मिकशेजारीच कसा? तो निवडून बसत नाही हो. लाखो पेशींत लाखो ठिकाणी बसतो. बाकीच्या पेशींत काही घडत नाही. एखाद्या पेशीत योगायोगानं मिकपाशी बसतो आणि तीच पेशी वाढत सुटते. आपण गाठ कापून पाहतो तेव्हा त्या एका पेशीची सगळी प्रजा पाहत असतो, म्हणून प्रत्येक पेशीत तो त्याच जागी दिसतो. आणि कित्येक महिने का लागतात, तेही यातूनच कळतं. ही एका अर्थी सोडत आहे. नंबर लागायला वेळ लागतो.

आता उंदीर. हॉलंडहून आलेले रूल नुसे हे सॅन फ्रान्सिस्कोत हॅरल्ड व्हार्मस यांच्याकडे काम करत होते. त्यांनी सी३एच वाणाच्या एका उंदराची गाठ निवडली, जिच्यात दुधातल्या विषाणूची एकच नवी प्रत घुसलेली होती. निवड हुशारीची. दहा चिंध्या असत्या तर कोणती दोषी हे कळलंच नसतं. त्या प्रतीला लागून असलेला उंदराचा डीएनए त्यांनी वेगळा काढला आणि दुसऱ्या उंदरांच्या गाठींत तीच जागा तपासली. एकामागून एक गाठींत विषाणू त्याच भागात बसलेला सापडला. तिथलं जनुक निरोगी स्तनग्रंथीत गप्प असतं, गाठींत बोलत होतं. १९८२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, नाव दिलं इंट-१. आणखी एक बारकावा. इथं विषाणूचं तोंड बहुतेक वेळा जनुकाच्या उलट दिशेला होतं, म्हणजे कोंबडीसारखा जोडसंदेश नव्हताच. जनुकाची वाचायची सुरुवातही त्याचीच होती. काठावरची सूचना नुसती जवळ असली तरी पुरत होती. पाठमोरा बसूनही हा शेजारी ऐकू येतो.

पुढं १९८७ मध्ये कळलं की इंट-१ म्हणजे फळमाशीतलं विंगलेस जनुक, ज्यात बिघाड झाला की माशीला पंख येत नाहीत. दोन्ही नावं एकत्र करून आज त्या कुळाला विंट म्हणतात. माणसाच्या आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास या कुळाशिवाय पुढं सरकत नाही. माशीचा पंख, उंदराचं दूध आणि माणसाचं आतडं एका सुतात!

आणि रणदिवे बाईंचे ते तीन धागे? ते इथं जुळले. उंदराच्या या विषाणूचा काठ संप्रेरकांना प्रतिसाद देतो. स्टिरॉइड संप्रेरकं वाढली की काठावरची सूचना आणखी मोठी होते. मादी गाभण राहिली, पाजू लागली की विषाणू जोरात, आणि शेजारचं जनुकही जोरात. वाणाची आनुवंशिकता हे ठरवते की विषाणू किती पसरू शकेल. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू, तिघांची गाठ डीएनएच्या एका काठावर पडत होती. बाईंना १९८२ सालीच पद्मभूषण मिळालं, नुसेंचा लेख आला त्याच वर्षी. त्या नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामातही गुंतल्या.

आता म्हणाल, उंदीर-कोंबड्या झाल्या, माणसाचं बोला. बोलतो, आणि लांब जात नाही, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जातो.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्याकडच्या बायकांनी फार सोसला आहे. तो एचपीव्ही या विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो, हे हॅरल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. इथं एक फरक नीट समजून घ्या. उंदराचा विषाणू डीएनएत नेमानं घुसतो, ते त्याचं जगणंच आहे. एचपीव्ही मात्र पेशीत सुट्या कड्यासारखा राहतो. त्याचं आपल्या डीएनएत शिरणं हा अपघात असतो, विषाणूच्या दृष्टीनं तर तो शेवटच. आणि त्याच्याकडे स्वतःची दोन वाईट जनुकं असतात, ई६ आणि ई७. त्यांच्यावर ई२ नावाचा स्वतःचाच लगाम असतो. शिरताना कडं तुटतं, ते बहुधा ई२ पाशी तुटतं, आणि लगाम सुटतो. शेजारचं जनुक पेटणं इथं दुय्यम आहे. पण तेही कधीकधी घडतं.

आठवा बाल्टिमोरचे जॉर्ज गाय. १९५१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढल्या, तिला न विचारता घेतलेल्या. त्याच हिला पेशी, आजही जगभर जगताहेत. २०१३ साली त्यांचा डीएनए बारकाईनं वाचला गेला, तेव्हा दिसलं की एचपीव्ही-१८ आठव्या गुणसूत्रावर मिकपासून सुमारे पाच लाख अक्षरं दूर बसलाय आणि तिथून मिकला चालवतोय. कोंबडीतलं तेच मिक! डीएनए घडी घालून ठेवलेला असतो ना, पासोडीसारखाच. उलगडला तर लांब असलेली जागा घडीत शेजारी येते.

धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. १९९९ च्या सुमारास तिथं गावांचे ५२ गट करून एक मोठा अभ्यास सुरू झाला, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटाच्या साह्यानं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत विषाणूच्या डीएनएची चाचणी, काहींत पेशींची, काहींत आम्लाचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काही गटांत नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आला. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. गटांचा आकार जवळजवळ सारखा. तपासणीविना ठेवलेल्या बायकांवरून पुढं नैतिकतेचा वाद झाला, आणि मला तो वाद झाला हे योग्यच वाटतं. त्या ६४ जणींत कुणाची तरी मावशी, कुणाची तरी जाऊ होती. पण खेड्यातल्या बाईचा जीव एका चाचणीनं वाचतो, हे जगाला आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं दाखवलं. आता तर पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लसही आहे.

एक गोष्ट घाईत सांगतो, वेळ होत आलाय. हे सगळं ज्ञान माहीत असूनही एकदा ठेच लागली. १९९९ पासून पॅरिसमध्ये जन्मजात रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या मुलग्यांना निरुपद्रवी केलेल्या रेट्रोव्हायरसवर बसवून चांगलं जनुक दिलं. मुलं बरी झाली, घरी गेली. मग ज्या नऊ जणांना गुण आला त्यांतल्या चौघांना रक्ताचा कर्करोग झाला, एक दगावला. सुरुवातीच्या दोघांत विषाणू एलएमओ२ या जनुकाजवळ जाऊन बसला होता. कोंबडीचीच गोष्ट, माणसाच्या लेकरात. त्यानंतर वाहक विषाणूंचे काठ मुके करायची पद्धत रुळली. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटात घडलेली, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धतीही विषाणूच्याच पाठीवरून जनुक नेते. म्हणून अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवतात.

[प्रश्नोत्तरांतील एक प्रश्न]

मागच्या ओळीतल्या ताई विचारताहेत, की त्यांच्या आईला स्तनाचा कर्करोग होता, त्यांना स्वतःला तान्ही मुलगी आहे, तर पाजू का नको?

ताई, पाजा. उंदरांचा तो विषाणू उंदरांचा आहे. उलट ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात एकूण बारा महिने पाजण्यामागे आईचा स्तनकर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होताना दिसला. म्हणजे पाजण्याचा फायदा तुम्हालाही आहे. तुमच्या आईचं आजारपण कोणत्या वयात आलं, मावशीला किंवा आजीला होतं का, हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. ते दुधातून येत नाही, पण जनुकांतून येऊ शकतं, आणि त्याची तपासणी असते.